रानातली परीक्षा

परीक्षा म्हटली म्हणजे बहुधा एकच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. चार भिंतींची खोली, ओळीने मांडलेली बाके, दोन बाकांमध्ये राखलेले अंतर, आणि शेजाऱ्याशी बोलू नये अशी कडक ताकीद. विद्यार्थ्याने पाहायचे ते केवळ आपल्या कागदाकडे. खिडकीबाहेर पाहत बसलेला मुलगा पर्यवेक्षकांच्या रोषास पात्र होतो. परंतु अमेरिकेत आणि कॅनडात दर वर्षी एक अशी परीक्षा होते, की जिच्यात खिडकीबाहेरचे जग पाहणे हाच अभ्यास असतो आणि शेजाऱ्याशी बोलल्यावाचून उत्तर लिहिताच येत नाही. तिला खोली नाही, बाके नाहीत. तिची एक प्रश्नपत्रिका जमिनीत खणलेल्या खड्ड्याच्या काठावर सोडवायची, दुसरी ओढ्याच्या कडेला, तिसरी झाडाच्या बुंध्याशी आणि चौथी एखाद्या प्राण्याची कवटी हातात घेऊन!

या परीक्षेचे नाव 'एन्व्हायरोथॉन'. पर्यावरण या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला 'मॅरेथॉन' या लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या नावाचे शेपूट जोडून ते बनवले आहे. नाव कानाला फारसे गोड लागत नाही. पण त्यात एक सत्य दडलेले आहे. ही स्पर्धा घटकाभराची नव्हे. तिची तयारी वर्षभर चालते आणि तिच्यात धापा टाकण्याचे प्रसंगही पुष्कळ येतात.

स्पर्धेत उतरतात ती माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतील, म्हणजे तुमच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असलेली मुले-मुली. प्रत्येक संघ पाच जणांचा असतो. आधी आपल्या परगण्यात, मग राज्यात आणि त्यात विजयी झाल्यास उन्हाळ्याच्या सुट्टीत भरणाऱ्या अखेरच्या मेळाव्यात, अशा पायऱ्या चढत संघ पुढे जातो. विषय पाच: मृदा, जल, वन, वन्यप्राणी आणि दर वर्षी बदलणारा एक तात्कालिक प्रश्न. पाचही विद्यार्थ्यांना मिळून प्रत्येक केंद्रावर एकच उत्तरपत्रिका द्यावयाची असते. शिक्षक बरोबर येतात खरे. पण परीक्षा सुरू झाली की त्यांनी दूर जाऊन बसायचे.

अशी स्पर्धा कोणाला सुचली असेल? एखाद्या विद्यापीठाला, की शिक्षणखात्याला? दोघांनाही नव्हे. ती सुचली शेतकऱ्यांच्या बांधावर काम करणाऱ्या मृदा व जल संधारण मंडळांना. या मंडळांचा जन्म कसा झाला हे समजून घेतल्यावाचून स्पर्धेचे मर्म कळणार नाही. म्हणून थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

सन १९०५ ची गोष्ट. ह्यू बेनेट नावाचा एक तरुण मृदातज्ज्ञ आपल्या सहकाऱ्यासह व्हर्जिनिया राज्यातील लुइझा परगण्यात जमिनीची पाहणी करीत होता. तेथील जमिनी नापीक का होत आहेत याचा शोध घ्यावा, असे त्याला वरून सांगण्यात आले होते. फिरता फिरता दोघांना शेजारी शेजारी असलेले दोन तुकडे आढळले. एकावर जुने रान होते, दुसऱ्यावर पुष्कळ वर्षे नांगर फिरत आलेला होता. उतार तोच, खालचा खडक तोच; एके काळी मातीही तीच असली पाहिजे. परंतु रानातली माती भुसभुशीत, ओलसर आणि हाताने सहज उकरता येईल अशी होती. शेतातली माती मात्र कठीण, चिकट आणि निर्जीव वाटत होती. बेनेटने विचार केला आणि त्याला उलगडा झाला. शेतातली वरची सकस माती नाहीशी झाली होती. ती कोणी चोरून नेली नव्हती, की एका पुरात वाहूनही गेली नव्हती. दर पावसाळी सरीबरोबर कागदाएवढा पातळ पापुद्रा निघून जात होता. तो इतका पातळ, की शेतकऱ्याच्या लक्षातही येऊ नये. अशा असंख्य सरींनंतर उघडे पडलेले खालचे चिकण थर तेवढे शेतात शिल्लक राहिले होते.

बेनेटने पुढची कित्येक वर्षे हेच लोकांना सांगितले. फारसे कोणी ऐकले नाही. माती ही कधी न संपणारी वस्तू आहे अशीच बहुतेकांची समजूत होती. शास्त्रज्ञाचे बोलणे खरे असले तरी ते ऐकू येण्यासाठी पुष्कळदा संकटाची वाट पाहावी लागते, हे मानवजातीचे जुने दुखणे आहे.

ते संकट १९३० नंतरच्या दशकात आले. अमेरिकेच्या मध्यभागी गवताची विस्तीर्ण मैदाने पसरली आहेत. त्या गवताच्या दाट मुळांनी हजारो वर्षे माती धरून ठेवली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाला मोठा भाव आला, तेव्हा लक्षावधी एकर गवत नांगरून टाकण्यात आले. पुढे पाऊस रुसला, पिके करपली आणि उघड्या पडलेल्या मातीवरून वारा मोकाट सुटला. कान्सास, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो या राज्यांत धुळीची वादळे उठू लागली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तर 'काळा रविवार' म्हणूनच इतिहासात नोंदला गेला. त्या दिवशी दुपारीच आकाशात काळी भिंत उभी राहावी तशी धूळ चालून आली आणि भर दिवसा अंधार पडला. घराच्या फटींत ओल्या कापडाचे बोळे कोंबूनही जेवणाच्या ताटावर धूळ बसे. कित्येकांना श्वासाचे विकार जडले. हजारो कुटुंबांनी घरदार सोडून दूरचा रस्ता धरला.

त्याच वसंतात बेनेट राजधानी वॉशिंग्टन येथे सिनेटच्या समितीपुढे आपले म्हणणे मांडत होता. असे सांगतात, की पश्चिमेकडून धुळीचा एक लोट राजधानीकडे सरकत असल्याची वार्ता त्याला होती. म्हणून तो मुद्दामच आकडे आणि कोष्टके सावकाश वाचत राहिला. सभासद कंटाळले. इतक्यात खिडक्यांबाहेरचा प्रकाश मंदावला. दूर अंतरावरच्या शेतांची माती देशाच्या कायदेमंडळाच्या दारात येऊन उभी राहिली होती. या गोष्टीला सांगणाऱ्यांनी थोडेफार तिखटमीठ लावलेही असेल. परंतु २७ एप्रिल १९३५ रोजी मृदासंधारणाचा कायदा झाला, ही गोष्ट निर्विवाद आहे. त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट १९३७ मध्ये, बेनेटच्या जन्मगावाच्या परगण्यातच, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्राउन क्रीक येथे, पहिले मृदासंधारण मंडळ स्थापन झाले. शेतकऱ्यांनी आपल्यातूनच प्रतिनिधी निवडायचे, तज्ज्ञांनी सल्ला द्यायचा आणि उताराला आडवी नांगरट, बांधबंदिस्ती, गवताचे पट्टे असे उपाय सर्वांनी मिळून करायचे, अशी ही योजना. आज अमेरिकेत अशी सुमारे ३,००० मंडळे आहेत.

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील अशाच मंडळांनी १९७९ मध्ये शाळांतील मुलांसाठी एक स्पर्धा सुरू केली. आरंभी तिला 'पर्यावरणाचे ऑलिंपिक' अशा अर्थाचे नाव होते. कल्पना साधी होती. उद्या ज्यांच्या हाती जमीन जाणार, त्यांना जमिनीची ओळख आजच व्हावी. आणि ती पुस्तकातून नव्हे, तर जमिनीवरच व्हावी. ही कल्पना इतर राज्यांनाही पटली. १९८८ मध्ये पेन्सिल्व्हेनिया, ओहायो आणि मॅसॅच्युसेट्स या तीन राज्यांचे संघ प्रथमच एकत्र आले. पुढच्या दशकात कॅनडाचे प्रांत सामील झाले आणि अलीकडे चीनमधील शाळांचे संघही येऊ लागले आहेत.

आता प्रत्यक्ष केंद्रांकडे वळू. पहिले केंद्र मातीचे.

तेथे पुरुषभर खोलीचा एक खड्डा खणून त्याची एक भिंत सरळ तासून ठेवलेली असते. वरून खाली पाहिले, की मातीचे थर एकाखाली एक दिसतात: सर्वांत वर कुजलेल्या पाल्याचा काळसर पापुद्रा, त्याखाली मुळांनी भरलेली सकस माती, त्याखाली वरून झिरपत आलेल्या चिकणमातीचा घट्ट थर, आणि अगदी तळाशी अर्धवट झिजलेला खडक. प्रत्येक थराची जाडी मोजायची, रंग ठरवायचा आणि पोत ओळखायचा. रंग ठरवण्यासाठी तपकिरी, तांबड्या, पिवळ्या, करड्या छटांच्या चौकोनांचे एक पुस्तक असते. अल्बर्ट मुन्सेल नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने रंगांना क्रमांक देण्याची पद्धत शोधून काढली होती. मृदातज्ज्ञांनी ती उचलली. चित्रकाराची विद्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडावी, हा योग मौजेचा खरा!

पोत मात्र बोटांनीच ओळखावा लागतो. चिमूटभर माती ओली करून मळायची. खरखरीत लागली तर तिच्यात वाळू अधिक. पिठासारखी मऊ लागली तर गाळ अधिक. मग तिची गोळी करून अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून ती फीत निघेल अशी पुढे दाबायची. वाळूची फीत निघतच नाही. पोयट्याची फीत इंचभर होण्याच्या आतच तुटते. चिकणमातीची फीत मात्र दोन इंचांहून लांब जाते. आपल्याकडील काळ्या मातीवर हा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. तिची फीत किती लांब निघते हे पाहून नवल वाटेल.

याच खड्ड्यात पाचांची खरी कसोटी लागते. एकाला खालच्या थरात करड्या रंगाचे ठिपके दिसतात, आणि तो म्हणतो, की हा निराळ्या खडकाचा अंश असावा. दुसरी म्हणते, 'नाही. येथे वर्षातला बराच काळ पाणी साचून राहत असले पाहिजे.' मातीत लोह असते. हवा खेळती असली, की ते गंजते आणि मातीला तांबूस रंग देते. पाणी तुंबून हवा कोंडली, की तो तांबूसपणा जाऊन माती करडी पडते. तेव्हा दुसरीचेच म्हणणे बरोबर. पण ते बरोबर आहे हे तिने उरलेल्या चौघांना मिनिटा-दोन मिनिटांत पटवून दिले पाहिजे. कारण उत्तरपत्रिका एकच आहे. ज्याला माहीत आहे त्याला सांगता आले पाहिजे, आणि ज्याला माहीत नाही त्याला ऐकता आले पाहिजे. शाळेतल्या इतर कोणत्या परीक्षेत ऐकण्याला गुण मिळतात? आणि हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. ज्या जागी पाणी तुंबते तेथे घराचा पाया घातला, तर घर खचेल. शौचकूप खणला, तर घाण पाण्यात मिसळेल. खड्ड्यातले करडे ठिपके ही जमिनीने आधीच लिहून ठेवलेली सूचना असते. ती वाचता येणारा कोणी जवळ असला म्हणजे झाले.

जलकेंद्रावर ओढा असतो आणि ओढ्यात दगड असतात. दगड उलटून पाहिले, की त्यांच्या पोटाला चिकटलेले बारीक जीव दिसतात. पाणी शुद्ध आहे की दूषित, हे सांगण्यासाठी रसायनशाळेत जाण्यापूर्वी या जीवांचीच साक्ष काढतात. स्टोनफ्लाय, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तीन पंखवाल्या कीटकांचे बालपण पाण्यात जाते, आणि त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर लागतो. ते आढळले, की पाणी बहुधा निरोगी असते. त्यांच्याऐवजी जळवा आणि तांबड्या अळ्याच दिसू लागल्या तर शंका घ्यावी. कॅडिसफ्लायच्या कित्येक जातींची अळी तर मोठी कारागीर. आपल्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण किंवा काटक्यांचे तुकडे एकमेकांना जोडून ती अंगाभोवती नळीसारखे घर बांधते आणि ते घर घेऊनच हिंडते. दगडावरची ही काडी आहे की अळी, हे ओळखण्यात भलेभले फसतात.

थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो, ऊन पाण्यात कमी. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तेच पाणी ३० अंशांपर्यंत तापले, की जेमतेम ७.५ मिलिग्रॅम. आता ओढ्याच्या काठची झाडे कोणी तोडली असे समजा. पाण्यात एक थेंबही घाण मिसळली नाही. तरी सावली गेल्यामुळे पाणी तापेल, प्राणवायू घटेल आणि थंड पाण्यात राहणारा ट्राउट मासा तेथून नाहीसा होईल. म्हणजे जलकेंद्रावरच्या प्रश्नाचे उत्तर वनकेंद्रावर सापडले! विषयांची नावे वेगवेगळी असली तरी ओढ्याला ती ठाऊक नसतात.

वनकेंद्रावर झाडाची ओळख पानांवरून पटवायची. पाने समोरासमोर फुटली आहेत की आलटून पालटून, येथून आरंभ करायचा. मग बुंध्याची जाडी मोजायची. ती नेहमी जमिनीपासून साडेचार फूट उंचीवरच मोजतात, म्हणजे कोणीही मोजली तरी तुलना करता येते. यासाठी 'बिल्टमोर काठी' नावाची साधी पट्टी वापरतात. नॉर्थ कॅरोलायनातील बिल्टमोर येथे १८९८ मध्ये अमेरिकेतील पहिली वनविद्येची शाळा निघाली, तिची ही आठवण. झाडाचे वय जाणून घ्यायचे असेल, तर ते तोडावे लागत नाही. एक पोकळ गिरमिट खोडात फिरवून पेन्सिलीहून बारीक असा लाकडाचा तुकडा बाहेर काढतात आणि त्यावरची वार्षिक वलये मोजतात. वलये जेथे दाटीवाटीने आली आहेत, ती वर्षे त्या झाडाला कठीण गेली असे समजायचे. अवर्षण असेल, कीड असेल, किंवा मोठ्या झाडाच्या सावलीत ते कोंडले गेले असेल.

वन्यप्राण्यांच्या केंद्रावर जिवंत प्राणी क्वचितच असतो. असतात त्याच्या खुणा: कवट्या, कातडी, पिसे, पावलांचे ठसे, लेंड्या. हरणाच्या कवटीत वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात. डोळ्यांच्या खोबण्या समोर असतील तर तो प्राणी बहुधा शिकारी, बाजूंना असतील तर शिकार होणारा. पंजाच्या ठशात नखांचे टोक उमटले असेल तर कुत्रा-कोल्ह्यांच्या कुळातला. मांजराच्या कुळातले प्राणी नखे आत ओढून चालतात. हे सारे गुप्तहेराच्या कामासारखे असल्यामुळे मुलांना हे केंद्र विशेष आवडते. पण त्यामागे एक विषण्ण करणारा इतिहासही आहे. उत्तर अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाचे कबुतर एके काळी इतके विपुल होते, की त्यांचे थवे जाताना सूर्य झाकला जाई. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे ते संपत गेले. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मरण पावली आणि त्या जातीचा शेवट झाला. अनेक कोटी पक्षी होते तेव्हा त्यांची मोजदाद करावी असे कोणाला वाटले नाही.

चारही केंद्रांना एकत्र बांधणारा एक प्राणी या मुलांच्या अभ्यासात वारंवार येतो. तो म्हणजे बीव्हर. घुशीसारखा दिसणारा, पण चांगला कुत्र्याएवढा मोठा, आणि लोहामुळे नारिंगी दिसणाऱ्या पटाशीच्या दातांनी झाडे कुरतडून पाडणारा. फांद्या आणि चिखल यांचा बांध घालून तो ओढा अडवतो. त्यामुळे गाळ साठतो, आसपासच्या जमिनीत पाणी मुरते, पाणथळ जागा तयार होते, बदके आणि बेडूक येतात. पण त्याच पाण्याने शेतकऱ्याचे शेतही बुडते आणि रस्ता खचतो. मग बीव्हर मित्र की शत्रू? त्याला मारावे, तर ओढ्याची सारी घडी विस्कटते. राहू द्यावे, तर शेतकऱ्याचे पीक जाते. काही ठिकाणी बांधातून एक नळ घालून पाणी ठराविक पातळीवर राखतात; बीव्हरचे घरही टिकते आणि शेतही वाचते. तथापि हा उपाय प्रत्येक ओढ्याला लागू पडत नाही. उतार किती, प्रवाह केवढा, नळ साफ करायला माणूस मिळेल काय, हे सर्व पाहावे लागते.

अशा, एकच एक उत्तर नसलेल्या प्रश्नांसाठीच स्पर्धेचा शेवटचा टप्पा ठेवलेला आहे. दर वर्षी एक तात्कालिक प्रश्न आधी जाहीर होतो आणि त्यावर सर्वांनी अभ्यास करायचा असतो. २०१६ मध्ये कॅनडातील पीटरबरो येथे भरलेल्या मेळाव्यात परक्या मुलखातून येऊन पसरणाऱ्या जीवजातींचा प्रश्न होता. त्या भागाला हा प्रश्न चांगलाच परिचयाचा. काळ्या समुद्राकडच्या जहाजांनी तोल सांभाळण्यासाठी भरून आणलेल्या पाण्यातून झेब्रा मसल नावाचा पट्टेदार शिंपला अमेरिकेत पोहोचला. १९८८ मध्ये, म्हणजे तीन राज्यांची ती पहिली स्पर्धा झाली त्याच वर्षी, कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवरील सेंट क्लेअर सरोवरात तो प्रथम आढळला. या शिंपल्यांनी पाण्याचे नळ बुजवले. एवढेच नव्हे, तर त्यांनी पाणी इतके गाळून काढले, की ते पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागले! लोकांना आनंद झाला. पण पाण्यातले जे सूक्ष्म जीव गाळले गेले, तेच लहान माशांचे अन्न होते. निर्मळ दिसणारे पाणी उपाशी असू शकते, हे पुस्तकातल्या एका ओळीने पटत नाही. पुढे २००२ मध्ये डेट्रॉइट शहराजवळ आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा सापडला, आणि त्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडे वाळवली. तो गावोगावी पसरला त्याचे एक कारण अगदी साधे: लोक सहलीला जाताना घरचा सरपणाचा भारा गाडीत टाकून नेत.

शेवटच्या टप्प्यासाठी संघाला एका जागेची माहिती आणि एक अडचण लिहून देतात आणि काही तास एका खोलीत बसवतात. शिक्षकांची मदत नाही. नकाशे, कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन पाच जणांनी आपली योजना तयार करायची. मग परीक्षकांसमोर उभे राहून सुमारे वीस मिनिटांत ती मांडायची. प्रत्येकाने बोललेच पाहिजे असा दंडक आहे. त्यानंतर परीक्षक प्रश्न विचारतात, आणि ते प्रश्न बहुधा पैशाविषयी आणि माणसांविषयी असतात. 'याला खर्च किती येईल?' 'ज्या शेतकऱ्याची जमीन तुम्ही पाण्याखाली घालता, त्याला काय सांगाल?' पुष्कळ संघ येथे अडखळतात. मातीचे थर ओळखणारी मुलेसुद्धा त्या शेतकऱ्यापुढे निरुत्तर होतात. हे त्यांचे अपयश मानण्याचे कारण नाही. मोठमोठ्या अभियंत्यांनाही या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येत नाही.

स्पर्धा म्हटली, की तिच्याबरोबर तिचे दोषही येतात. काही संघ पाच विषय पाच जणांत वाटून घेतात. मग मातीवाल्याला पाण्याचे काही कळत नाही, आणि पाणीवाला झाडाकडे ढुंकून पाहत नाही. असा संघ गुण मिळवीलही, पण ओढ्याच्या काठी झाड का हवे हे त्याला सुचणार नाही. काही जण पानांच्या चित्रांची पाने पाठ करून येतात आणि प्रत्यक्ष झाडावर किडीने अर्धे खाल्लेले पान पाहून गोंधळतात. झाडे आपली पाने पुस्तकाप्रमाणे नीटनेटकी ठेवीत नाहीत! शिवाय पारितोषिकाच्या मोहाने वर्षभर राबणारी मुले स्पर्धा संपताच रानाकडे पाठ फिरवतील, अशी शंका घेणारेही आहेत. ती शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तिला एकच तोड आहे. ज्याने एकदा ओढ्यातला दगड उलटून पाहिला, त्याला पुढे कोणत्याही ओढ्याजवळून जाताना दगड उलटून पाहण्याचा मोह होतो. तो दगड परत जसाच्या तसा ठेवावा लागतो, हेही त्याला शिकवलेले असते. कारण त्याच्या पोटाशी कोणाचे तरी घर आहे.

२०२० मध्ये जगभर करोनाची साथ पसरली आणि त्या वर्षीचा नेब्रास्कातील मेळावा रद्द करावा लागला. पुढच्या वर्षी तो इंटरनेटच्या साहाय्याने घेण्यात आला. मुलांनी आपापल्या ठिकाणाहून पडद्यावर छायाचित्रे पाहून आणि माहिती वाचून उत्तरे दिली. प्रश्न उत्तम होते, तयारीही कमी नव्हती. पण मातीची फीत पडद्यावर निघत नाही, की ओढ्याचा गारवा पायांना लागत नाही. २०२२ मध्ये ओहायो राज्यातील ऑक्सफर्ड या गावी संघ पुन्हा समोरासमोर आले. त्या वर्षीचा तात्कालिक प्रश्न कचऱ्याचा होता: टाकून दिलेल्या वस्तूंतून उपयोगाचे काय काढता येईल? आणि त्या प्रश्नाच्या बरोबरीने माती, पाणी, वन आणि वन्यप्राणी हे चार जुने विषय होतेच.

अशा मेळाव्यात मातीच्या केंद्रासाठी खड्डे खणणारे लोक खणताना वरची काळी माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला रचून ठेवतात. परीक्षा संपली, की आधी खालची माती आत जाते आणि मग वरची.